राहून गेलेलं खातं : रासायनिक प्रक्रियांच्या गतिमान मॉडेलिंगची प्रस्तावना

जाड बुडाच्या पातेल्यात दूध तापत ठेवलं की बराच वेळ काहीच घडत नाही. साय धरायला लागते, कडेला बारीक बुडबुडे दिसतात, आणि तेवढ्यात दारावरची बेल वाजते. कुरियरवाल्याला सही देऊन परत यावं तर दूध काठाला भिडलेलं. आपण धावत जाऊन गॅस बंद करतो, तरी दूध दोन क्षण वर येतच राहतं, ओट्यावर पसरतं, शेगडीखाली उतरतं. ज्योत तर विझली होती, मग ही उष्णता आली कुठून? ती पातेल्याच्या बुडात साठून राहिली होती. आपण दुधाचा हिशेब ठेवला. बुडाचं खातं उघडायचं राहून गेलं.

या पुस्तकाचा विषय हाच आहे, फक्त पातेलं मोठं आहे. त्याला जॅकेट आहे, आत अ‍ॅजिटेटर फिरतो आहे, वर सेफ्टी व्हॉल्व्ह आहे, आणि ते उतू गेलं तर नुसता ओटा पुसून भागत नाही.

केमिकल इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याची कारखान्याशी पहिली ओळख होते ती फ्लोशीटवर. कागदावर चौकोन आणि गोल, त्यांना जोडणाऱ्या रेषा, आणि खाली तक्ता: सात नंबरच्या प्रवाहात ताशी इतके किलो, तापमान ८५ अंश, दाब इतका. हा तक्ता बनवायला अक्कल लागते, आणि त्याच्यावाचून एकही कारखाना उभा राहत नाही. पण त्या कागदावर घड्याळ नसतं. सोमवारी सकाळी थंडगार प्लांट चालू करताना ते ८५ अंश कधी येणार, आधी काय तापणार, मध्येच वीज गेली तर काय होणार, रात्रपाळीला फीड बदलला तर उत्पादन पुन्हा जागेवर यायला किती तास लागणार, यातलं काही तिथे लिहिलेलं नसतं. फ्लोशीटवरचा कारखाना कायम चालू असतो आणि कायम एकाच चालीने चालतो. त्या अवस्थेला आपण स्टेडी स्टेट म्हणतो. बॅच पद्धतीने चालणाऱ्या कारखान्यांत तर ती अवस्था मुळात येतच नाही. तिथे बॅच चढते, पिकते आणि उतरते.

घड्याळ असलेला हिशेब कसा मांडायचा? मांडणी किराणा दुकानाच्या वहीइतकीच साधी आहे:

साठ्यातला बदल = आलं − गेलं + तयार झालं − खर्ची पडलं.

स्टेडी स्टेटमध्ये डाव्या बाजूला शून्य धरतात. गतिमान मॉडेलमध्ये तिथे शून्य धरायचं नाही, मूळ फरक एवढाच. पण शून्य पुसलं की त्या जागी वेळ येतो, बीजगणिताच्या जागी विकलक समीकरण येतं, आणि एका उत्तराऐवजी एक वक्र मिळतो: आत्ता किती, दहा मिनिटांनी किती, उद्या सकाळी किती.

वहीत खातं कशाचं उघडता येतं याचाही नियम आहे. वस्तुमानाचं, ऊर्जेचं आणि संवेगाचं खातं चालतं, कारण या गोष्टींच्या अक्षय्यतेला निसर्गाची हमी आहे. प्रत्येक घटकाच्या मोलांचंही चालतं, मात्र तिथे क्रियेत किती तयार झाले आणि किती खर्ची पडले हेही मांडावं लागतं. तापमानाचं खातं नसतं. तापमान ऊर्जेच्या शिल्लकेवरून काढावं लागतं. आकारमानाचंही नसतं. ५० मिलिलिटर पाण्यात ५० मिलिलिटर इथेनॉल ओतलं तर १०० भरत नाहीत, सुमारे ९६ भरतात. बाकीचे चार मिलिलिटर कुठे सांडलेले नसतात. रेणू एकमेकांच्या जवळ सरकलेले असतात, आणि वजन मात्र ग्रॅमला ग्रॅम जुळतं. लिटरमध्ये हिशेब मांडणाऱ्या नवशिक्याला ही चूक महिनोन्‌महिने सापडत नाही.

आता एक उदाहरण हातानेच सोडवू. एक टाकी आहे, तिच्यात १,००० लिटर स्वच्छ पाणी आहे. मिनिटाला १०० लिटर आत येतं, तितकंच बाहेर जातं आणि आत नीट ढवळलं जातं. अचानक आत येणाऱ्या पाण्यात लिटरमागे १० ग्रॅम मीठ सुरू झालं. बाहेर पडणारं पाणी किती वेळात खारट होईल?

मिठाचं खातं उघडा. मीठ तयार होत नाही, संपत नाही. फक्त येतं आणि जातं. टाकीतलं प्रमाण 'क' मानलं तर 'क' बदलण्याचा मिनिटागणिक वेग (१० − क) भागिले १० इतका येतो. खाली आलेला १० म्हणजे १,००० लिटर भागिले मिनिटाला १०० लिटर, अर्थात १० मिनिटं. याला टाइम कॉन्स्टंट म्हणतात, आणि टाकीचा स्वभाव या एका आकड्यात कळतो. १० मिनिटांनी प्रमाण ६.३ ग्रॅमवर पोचतं, ३० मिनिटांनी ९.५ वर. एकदम उडी नाही. सुरुवातीला भराभर, मग रेंगाळत. टाकी दुप्पट मोठी घेतली तर ती दुप्पट आळशी होते. कारखान्यात दोन यंत्रांच्या मध्ये बफर टँक ठेवतात तो याच आळसासाठी: आधीच्या यंत्राने घेतलेला झटका पुढच्यापर्यंत पोचेतो बोथट होतो.

हे समीकरण कागदावर सुटतं. बहुतेक समीकरणं सुटत नाहीत, तेव्हा काळाचे छोटे तुकडे करून पुढे सरकायचं. ही युक्ती अठराव्या शतकातल्या ऑयलरची. एक मिनिटाचं पाऊल घ्या. सुरुवातीला वेग मिनिटाला १ ग्रॅम, म्हणून एक मिनिटाने प्रमाण १ झालं. आता वेग ०.९, म्हणून पुढे १.९. मग २.७१. खरी उत्तरं ०.९५, १.८१ आणि २.५९ आहेत; जवळपास जमलं. आता घाई करू आणि २५ मिनिटांचं पाऊल घेऊ. पहिल्याच पावलात प्रमाण २५ ग्रॅम होतं. येणाऱ्या पाण्यातच १० आहे, तरी टाकीत २५! पुढच्या पावलाला उत्तर येतं उणे साडेबारा. म्हणजे टाकी आपल्याला लिटरमागे साडेबारा ग्रॅम मीठ देणं लागते! संगणकाला यात काही वावगं वाटत नाही. तो उणे मीठ सुबक आलेखात रंगवून दाखवतो. भौतिक वास्तव सोडून गेलेलं हे उत्तर ओळखायचं काम माणसाचं आहे, आणि या टाकीपुरता नियमही सोपा आहे: पाऊल टाइम कॉन्स्टंटच्या दुपटीपलीकडे गेलं की ऑयलरची पद्धत भरकटते.

खऱ्या कारखान्यात अडचण याहून बिकट असते. एकाच मॉडेलमध्ये एखादी रासायनिक क्रिया सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकते आणि डिस्टिलेशन कॉलमच्या तळाची रचना बदलायला तास लागतात. सर्वांत चपळ क्रियेला सांभाळण्यासाठी पाऊल बारीक ठेवावं, तर तासांचा हिशेब कधीच संपत नाही. अशा समीकरणांना स्टिफ म्हणतात. त्यांच्यासाठीच्या पद्धती विल्यम गिअर यांनी १९७१च्या आपल्या पुस्तकात व्यवस्थित मांडल्या, आणि आजच्या बहुतेक सिम्युलेटरांच्या पोटात त्या पद्धतींचे वंशज चालतात.

मिठाची टाकी सभ्य असते. उष्णता देणारी क्रिया तशी नसते. मोघम अंदाज असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. रिअ‍ॅक्टर ६० अंशांवरून ९० वर गेला तर वेग तीनदा दुप्पट होतो, म्हणजे आठपट. आता थंडाव्याकडे पाहा. जॅकेटमधलं पाणी ३० अंशांवर आहे असं धरलं, तर आधी फरक ३० अंशांचा होता, आता ६० चा. जॅकेट दुप्पट उष्णता नेतं, त्याहून जास्त नाही. मिळकत आठपट आणि खर्च दुप्पट, तर शिल्लक वाढतच जाणार, आणि इथे शिल्लक वाढणं म्हणजे तापमान वाढणं. हे कुठे थांबतं? कच्चा माल संपत आला की थांबतं, किंवा त्याआधी झाकण उडतं.

मिळकतीच्या आणि खर्चाच्या या दोन रेषांचं चित्र नेदरलँड्सच्या व्हॅन हीर्डन यांनी १९५३ मध्ये काढलं. उष्णता निर्माण होण्याचा वक्र इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो, काढून नेण्याची रेषा सरळ जाते, आणि त्या दोघांची एकाऐवजी तीन ठिकाणी गाठ पडू शकते. म्हणजे तोच रिअ‍ॅक्टर, तोच फीड, तेच थंड पाणी, आणि तरी तीन वेगवेगळ्या स्टेडी स्टेट. खालची थंड आणि निरुपयोगी, वरची अतितप्त, आणि मधली बहुधा आपल्याला हवी असलेली. दुर्दैव असं, की मधली अस्थिर असते. कागदावर जमाखर्च अचूक जुळतो, पण तापमान अर्ध्या अंशाने चुकलं की रिअ‍ॅक्टर तिथून निसटतो, वर तरी जातो किंवा खाली तरी. मिनेसोटा विद्यापीठात नील अमंडसन यांनी बिलूस यांच्यासह १९५५ मध्ये आणि रदरफर्ड आरिस यांच्यासह १९५८ मध्ये या प्रश्नाचं गणित उलगडलं. स्टेडी स्टेटचा हिशेब जुळणं आणि ती स्थिती टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यानंतर कुणाला नाकारता आलं नाही. आणि ती टिकते की नाही हे घड्याळाशिवाय कळत नाही.

मला स्वतःला हा धडा पुस्तकातून मिळाला नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला एका कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये बसवलं होतं. समोर गेज ग्लास, त्यात ड्रमच्या पाण्याची पातळी. एका दुपारी प्लांटमध्ये कुणीतरी मोठा स्टीम व्हॉल्व्ह उघडला, आणि ग्लासातलं पाणी चढायला लागलं. पाणी जास्त झालं असं समजून मी फीड कमी करायला हात पुढे केला. शेजारी बसलेले बॉयलर अटेंडंट काका जागचे न हलता म्हणाले, "साहेब, हात काढा. ही पातळी खोटी आहे. दम धरा जरा."

मी दम धरला. मिनिटाभरात पातळी थबकली आणि मग सरसर खाली आली. झालं असं होतं: वाफ एकदम ओढली गेल्यामुळे ड्रममधला दाब पडला, उकळत्या पाण्यातले बुडबुडे फुगले, आणि पाणी फुगून वर आल्यासारखं दिसलं. प्रत्यक्षात वाफ जास्त जात होती, म्हणजे पाण्याचं वजन कमीच होत होतं. मी फीड बंद केला असता तर थोड्या वेळात नळ्या कोरड्या पडण्याची वेळ आली असती. फीड वाढवतानाही हाच खेळ उलटा होतो: थंड पाण्याने बुडबुडे आकसतात आणि पातळी आधी खाली जाते. आधी उलटी दिशा, मग सुलटी. नियंत्रणशास्त्रात याला इन्व्हर्स रिस्पॉन्स म्हणतात. मी पाण्याचं एकच खातं धरलं होतं. बुडबुड्यांचं खातं मला ठाऊकच नव्हतं. काकांनी ते कधी कागदावर मांडलं नव्हतं, पण त्यांच्या डोक्यात ते वर्षानुवर्षं उघडलेलं होतं. मोठ्या बॉयलरांत पातळीच्या जोडीला वाफेचा आणि पाण्याचा प्रवाहही मोजून फीड ठरवतात, त्या थ्री-एलिमेंट कंट्रोलचं मूळ याच फसव्या पातळीत आहे.

कुठली खाती उघडायची, या प्रश्नाची एक फार महागडी शिकवणी इटलीत झाली. मिलानजवळ मेडा इथे इकमेसा नावाचा कारखाना ट्रायक्लोरोफिनॉल बनवत असे. १० जुलै १९७६, शनिवार. पहाटे बॅच अर्धवट असताना ती थांबवण्यात आली. नेहमी निम्मं द्रावक उडवून मग पाणी घालून थंड करत. त्या दिवशी फक्त १५ टक्के उडवलं होतं आणि थंड पाणी घातलंच नाही. वाफ बंद केली, पंधराएक मिनिटांनी अ‍ॅजिटेटरही बंद केला. तापमान १५८ अंश होतं. धोका २३० अंशांच्या वर आहे असा तेव्हाचा समज होता. मध्ये ७० अंशांचं अंतर, तापवणारी वाफ बंद. माणसं घरी गेली. सात तासांहून जास्त वेळ उलटल्यावर, दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांनी, रप्चर डिस्क फुटली आणि डायऑक्सिन मिसळलेला ढग शेजारच्या सेवेसो गावावर उतरला.

उष्णता आली कुठून? पुढे थिओफेनस यांनी त्याचा उलगडा केला. तापवायला टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ वापरत. शनिवार-रविवार जवळ आल्यामुळे टर्बाइनवरचा भार कमी झाला होता, त्यामुळे ती वाफ नेहमीच्या १९० अंशांऐवजी सुमारे ३०० अंशांची झाली. त्या वाफेने द्रवाच्या पातळीच्या वरची रिअ‍ॅक्टरची भिंत तापून राहिली. अ‍ॅजिटेटर फिरत होता तोवर ती उष्णता सगळ्या द्रवात वाटली जात होती. तो थांबला, आणि भिंतीतली उष्णता वरच्या पातळ थरातच उतरली. तो थर बाकीच्या द्रवापेक्षा कितीतरी जास्त तापला. २३० अंशांच्या बऱ्याच खाली, मंदगतीने उष्णता देणाऱ्या क्रियाही त्या मिश्रणात होत्या, हे नंतरच्या प्रयोगांत दिसलं. थराने स्वतःला हळूहळू तापवलं, आणि पुढचं काम वेळेने केलं.

आता या रिअ‍ॅक्टरचं मॉडेल करायला बसा. पाठ्यपुस्तकातली पहिली सवय म्हणून लिहाल: टाकी पूर्ण ढवळलेली, सर्वत्र एकच तापमान. ते मॉडेल अचूक सोडवलं तरी उत्तर येईल: १५८ अंश, हळूहळू थंड होत जाणारे. स्फोट त्यात दिसणारच नाही. गणित बरोबर, पावलं बारीक, संगणक वेगवान, आणि तरी उत्तर चूक, कारण अ‍ॅजिटेटर बंद असताना "पूर्ण ढवळलेली" हे शब्द खोटे आहेत. तिथे निदान तीन खाती हवी होती: वरच्या भिंतीचं, वरच्या थराचं आणि खालच्या द्रवाचं. पातेल्याचं बूड आणि मेडाची भिंत यांत तत्त्वाचा फरक काहीच नाही.

म्हणून या विषयातलं खरं कौशल्य समीकरणं सोडवण्याच्या आधी लागतं. भिंतीची उष्णता धरायची की सोडायची? पाइपमध्ये द्रवाला लागणारा वेळ धरायचा की नाही? कॉलमच्या प्रत्येक ट्रेवर साचलेला द्रव मोजायचा, की तो नगण्य मानायचा? सगळंच धरलं तर मॉडेल इतकं जड होतं की त्याचं कुठे काय चुकलं हे बनवणाऱ्यालाही समजत नाही. सगळंच सोडलं तर फ्लोशीट उरते. मध्ये कुठे थांबायचं हे प्रश्न ठरवतो. स्टार्टअपचा वेळ काढायचा असेल तर धातूची उष्णता धरावीच लागते. दिवसभराच्या उत्पादनाची सरासरी काढायची असेल तर ती खुशाल सोडा.

साधनांचा इतिहास इथे थोडक्यात पुरे. १९४२ मध्ये झीगलर आणि निकोल्स यांनी नियंत्रक कसे जुळवावेत याचे नियम दिले. १९५०च्या दशकात अ‍ॅनालॉग संगणकांवर वायरी जोडून रिअ‍ॅक्टरची समीकरणं सोडवत. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये सार्जंट आणि वेस्टरबर्ग यांनी १९६४ मध्ये स्पीड-अप या संगणकीय प्रोग्रामची मांडणी केली. एमआयटीत १९७६ ते १९८१ या काळात अ‍ॅस्पेन या सिम्युलेटरचा प्रकल्प चालला. १९७३ मध्ये आलेल्या विल्यम लायबेन यांच्या पुस्तकाने मॉडेलिंग आणि नियंत्रण हे विषय विद्यार्थ्यांसमोर एकत्र आणले. १९९३ मध्ये डाउन्स आणि व्होगेल यांनी ईस्टमन कंपनीच्या एका खऱ्या प्रक्रियेवरून, नावं झाकून, ४१ मोजमापं आणि १२ फिरवता येणाऱ्या चाव्यांचं एक मॉडेल सर्वांसाठी खुलं केलं. त्याला नियंत्रणाशिवाय सोडलं तर ते काही तासांतच स्वतःला बंद पाडतं. नियंत्रणाची नवी पद्धत शोधणारे आजही तिची परीक्षा त्याच्यावर घेतात.

सिम्युलेटरांच्या महागड्या परवान्यांचं ओझं आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. मुंबईच्या आयआयटीतला फॉसी प्रकल्प डीडब्ल्यूसिम आणि ओपनमॉडेलिका यांसारख्या मुक्त सॉफ्टवेअरचा महाविद्यालयांत प्रसार करतो आहे. साताऱ्याच्या किंवा नांदेडच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या लॅपटॉपवर हे प्रयोग फुकट करता येतात. मिठाच्या टाकीचं गणित तर साध्या स्प्रेडशीटवरही होतं, आणि माझा आग्रह आहे की पहिल्यांदा ते तिथेच, एकेक ओळ करून करावं.

मराठीत लिहिण्याचं कारणही त्या बॉयलर हाउसशी जोडलेलं आहे. आपल्याकडच्या औद्योगिक वसाहतींत प्लांटवर बोलली जाते ती मराठी, नाहीतर मराठी वळणाची हिंदी. लॉगबुक इंग्रजीत असतं, पण "बॅच चढली", "कॉलम पडला", "पातळी खोटी आहे" ही निरीक्षणं आपल्या भाषेत होतात. गतिमान मॉडेलला लागणारी निम्मी माहिती याच वाक्यांत दडलेली आहे: कुठे उशीर लागतो, काय उलटं वागतं, कुठला काटा खोटं बोलतो. इंजिनिअरला ती वाक्यं समीकरणात उतरवता आली, आणि ऑपरेटरला ते समीकरण आपल्या भाषेत वाचता आलं, तर दोघांचाही फायदा आहे. तांत्रिक शब्दांच्या बाबतीत मी प्लांटवरचा शब्दच ठेवला आहे. अ‍ॅजिटेटरला दुसरं नाव शोधत बसलो नाही.

पुढच्या प्रकरणांचा क्रम असा आहे: आधी टाक्या, मग उष्णता, मग रिअ‍ॅक्टर, मग कॉलम, आणि शेवटी या सगळ्यांना बांधून ठेवणारे नियंत्रक. प्रत्येक उदाहरणाच्या सुरुवातीला दोन याद्या दिल्या आहेत. पहिलीत उघडलेली खाती आहेत, दुसरीत सोडून दिलेली, आणि प्रत्येक सोडलेल्या खात्यापुढे ते का सोडलं याची एक ओळ. तुमची स्वतःची मॉडेलं करतानाही संगणक चालू करण्याआधी या दोन याद्या पेन्सिलीने करा. दुसरी यादी जपून ठेवा. उत्तर आणि प्लांट जुळले नाहीत तर आधी तीच उघडा, आणि ती घेऊन एकदा बॉयलर हाउसमध्ये जाऊन बसा.